हाताकडे बघणारी

थोरली कामावरून घरी आली तेव्हा सासूबाईंचा उजवा हात मनगटापर्यंत पिठात बुडालेला होता आणि त्या हसत होत्या.

ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. एका पायातली चप्पल काढलेली, दुसऱ्या पायातली तशीच. टेबलावर मोठी परात, परातीत फुगून आलेल्या पिठाचा गोळा, त्यात तो हात. आणि शेजारी खुर्ची ओढून बसलेली धाकटी जाऊ, कोपरापर्यंत पांढरी झालेली.

"ताई, बघ ना," धाकटी म्हणाली. "आई बोटं उघडते."

खरंच उघडत होती. पिठाच्या आत काहीतरी हळूहळू पसरत होतं, मिटत होतं, पुन्हा पसरत होतं. करंगळी मागे राहत होती, पण बाकीची बोटं आपल्या मनाने हलत होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो हात मुठीसारखा आवळून बसला होता. रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात बुडवून, एकेक बोट सोडवून, रबरी चेंडू देऊन थोरलीने त्याची उस्तवार केली होती. हाताने दाद दिली नव्हती. आणि आज तो पिठाला दाद देत होता.

"छान," थोरली म्हणाली. मग दुसरी चप्पल काढायला बाहेर गेली आणि ती काढायला जेवढा लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ तिथे उभी राहिली.

थोरली शहरातल्या मोठ्या इस्पितळात मेंदू-मज्जातंतूंच्या विभागात तंत्रज्ञ होती. एक चुंबकाचं यंत्र असतं. त्याची आठाच्या आकड्यासारखी चपटी कॉइल डोक्यावर नेमक्या जागी टेकवली आणि कळ दाबली की टक्‌ आवाज होतो, मेंदूच्या त्या भागाला ठोका मिळतो आणि पलीकडे हाताचा अंगठा आपोआप उडतो. माणूस दचकून स्वतःच्या अंगठ्याकडे बघतो, जणू तो शेजाऱ्याचा आहे. डोक्यावरची ती जागा शोधून कॉइल तिथे न हलवता धरणं, हे थोरलीचं काम. तिच्या हाताला कंप नव्हता, आणि याचा तिला मनातून अभिमान होता. दुसऱ्यांचे हात हलवण्यात तिची उमर गेली होती. घरातला एक हात मात्र तिच्याच्याने हलला नव्हता.

धाकटी बेकरीत कामाला होती. पहाटे जायची, दुपारी मोकळी व्हायची. ती आणि धाकटा दीर वरच्या मजल्यावर राहत. तिची माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वी समुद्रापलीकडून इथे आलेली. रूप वेगळं, दाट कुरळे केस, आणि घरात बोलायची भाषा तर कुठूनच न जुळणारी. दिराने लग्न ठरवलं तेव्हा सासूबाईंनी जेवण सोडलं होतं. त्या वेळी त्यांची समजूत घातली होती ती थोरलीनेच. पुढे कधीकधी तिला वाटे, आपल्याला काय नडलं होतं.

कारण धाकटी आली आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंना म्हणाली, "आई, तू बस, मी करते." सगळे चपापले. थोरलीने तर श्वासच रोखला. ती स्वतः लग्न झाल्यापासून 'अहो आई, तुम्ही' म्हणत आली होती. धाकटीच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' असा फरकच नव्हता. तिला तो पुढेही नीटसा जमला नाही. पण सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं आणि बसल्या. त्यांना मुलगी नव्हती. अख्ख्या घरात त्यांना 'अगं आई' म्हणणारं बाईमाणूस एकदम एका चुकीच्या शब्दातून उगवलं. थोरलीला 'तुम्ही' म्हणायची शिस्त होती. त्या शिस्तीने तिला सुनेच्या जागी बसवलं आणि बेशिस्तीने धाकटीला लेकीच्या, असा हिशेब थोरली मनात कितीदा तरी मांडत असे.

आता त्यात या पिठाची भर पडली. येईल-जाईल त्याला सासूबाई हात उघडून दाखवू लागल्या. शेजारीण आली, तिला दाखवला. दूधवाला आला, त्यालाही. वर प्रत्येकाला सांगायचं, "हिच्या लोकांच्या हातातच काहीतरी आहे. रक्तातच असतं ते." धाकटी लाजून हसायची. थोरली पलीकडे भांडी आवरत असायची, जरा जास्तच आवाज करत.

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याजवळ विषय काढला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होता आणि घरातल्या कुठल्याही गोष्टीकडे, वर जाते का आणि खाली येते का, एवढ्याच दृष्टीने बघायचा. "हात चालतोय ना?" तो म्हणाला. "मग कोणी चालवला याच्याशी काय करायचंय?" थोरलीने त्याच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला आणि तो विषय संपला.

पण 'रक्तात असतं' हे तिच्या डोक्यातून जाईना. सुरुवातीला ते ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग हळूहळू त्याच शब्दांत तिला आसरा सापडला. समजा, खरंच तसं असेल. समजा त्या लोकांचे मेंदू-हात जन्मतःच वेगळे जोडलेले असतील. मग यात आपली हार कुठली? उंच माणसाचा हात फळीला पोचतो, बुटक्याचा पोचत नाही, त्यात बुटक्याचा काय दोष? आपण कुठे कमी पडलो नाही, फक्त आपल्या रक्तात ते नव्हतं.

आणि नेमकं त्याच सुमाराला विभागातल्या डॉक्टरबाईंनी नवं काम काढलं. यंत्राचे जे ठरलेले आकडे पुस्तकांत छापलेले असतात, ते बहुतेक एकाच प्रकारच्या लोकांवरून काढलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. वेगळ्या वंशाच्या माणसाला तेच आकडे लावणं बरोबर आहे का? की किती ताकदीच्या ठोक्याला अंगठा हलतो, हेच मुळात वंशावर अवलंबून असतं? दोन्हीकडची निरोगी माणसं बोलावून हे तपासायचं होतं. इथल्या लोकांची वानवा नव्हती. थोरलीने स्वतः खुर्चीत बसून आपला अंगठा उडवून घेतला होता. समुद्रापलीकडच्या लोकांपैकी मात्र कोणी यायला तयार नव्हतं. डोक्याला यंत्र लावतात म्हटल्यावर माणसं लांबूनच नमस्कार करत.

"तुमच्या घरात आहे ना कोणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"विचारते," थोरली म्हणाली, आणि तिचं मन एकदम हलकं झालं.

धाकटी लगेच तयार झाली. ताईने काही मागितलं याचंच तिला अप्रूप वाटलं. बेकरी सुटल्यावर ती तशीच आली, केसांना पिठाचा वास, हातात कागदात गुंडाळलेला गरम पाव. तो तिने थोरलीच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरबाईंनी तिला सगळं समजावलं, डोक्यात कुठे धातू नाही ना, कधी फिट आली नाही ना, हे विचारलं. मग थोरलीने तिला खुर्चीत बसवलं, अंगठ्याच्या बुडाशी हालचाल टिपणाऱ्या चकत्या चिकटवल्या आणि केसांत भांग पाडू लागली. केसांचा थर राहिला तर कॉइल डोक्यापासून दूर राहते आणि आकडा खोटा येतो, म्हणून ते कुरळे केस बोटांनी बाजूला सारून खालची त्वचा उघडी करावी लागली. इतकी वर्षं एका घरात राहून थोरलीने तिच्या डोक्याला हात लावला तो पहिल्यांदाच.

डॉक्टरबाई संगणकाच्या पडद्यासमोर बसल्या. कॉइल धरणाऱ्याला आकडा दिसू नये म्हणून पडद्याचं तोंड पलीकडे केलेलं होतं. थोरलीने जागा शोधली. तिला ती पटकन सापडली. अंगठा अगदी हलकेच, झोपेतल्यासारखा हलला. डॉक्टरबाई त्या वेळी यंत्राची तार सारखी करत होत्या. त्यांनी पाहिलं नाही. धाकटीने डोळे मिटलेले होते.

थोरलीने कॉइल अर्ध्या बोटाएवढी मागे सरकवली.

तिने ते ठरवून केलं की नाही, हे तिला स्वतःलाही नंतर सांगता आलं नसतं. हात सरकला आणि तिथे थांबला, नेहमीसारखा, कंप न पावता. टक्‌. अंगठा गप्प. डॉक्टरबाईंनी ताकद वाढवली. टक्‌. गप्प. आणखी वाढवली. धाकटीची पापणी उडाली, जबडा ओढल्यासारखा झाला.

"जागा नीट आहे ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आहे."

अखेर मोठ्या ताकदीला अंगठा जेमतेम हलला. "बराच वर आला की आकडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा पुष्कळच वेगळा." आणि त्या दुसऱ्या खोलीतून काहीतरी आणायला उठून गेल्या.

थोरलीला हवं होतं ते मिळालं होतं. वेगळेपण. आता ते यंत्राने सांगितलं होतं, डॉक्टरबाईंनी पाहिलं होतं. तिने कॉइल खाली ठेवली. मनगट अवघडलं होतं.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली. "माझ्यात काही बिघाड आहे का?"

"छे. बिघाड कसला?"

"नाही, हात हलला नाही ना लवकर, म्हणून." ती आपल्या अंगठ्याकडे बघत होती. "माझ्या आईला असंच झालं होतं. आपल्या आईसारखं. एक बाजू गेली. मी शाळेत होते. औषधपाणी करायला कोणी नव्हतं, म्हणून मी तिच्या हातात पीठ द्यायची. पीठ मऊ असतं, हाताशी भांडत नाही. थोडं हलायचा तिचा हात." ती थांबली. "मग दुसरा झटका आला. मला नेहमी वाटतं, ते माझ्यात पण असेल."

 थोरलीला काय वाटलं, ते सरळ सांगायचं तर आधी लाज वाटली, आणि त्या लाजेच्या पाठोपाठ, तिच्या मागेच उभा असल्यासारखा, पुन्हा तोच जळफळाट आला. म्हणजे ते रक्तातलं नव्हतं. शिकलेलं होतं. एका मुलीने आपल्या आईपाशी बसून, हरता हरता शिकलेलं.

डॉक्टरबाई परत आल्या तेव्हा थोरली हातात कॉइल घेऊन उभी होती.

"माझी जागा चुकली होती," ती म्हणाली. "पुन्हा घेऊ."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. थोरलीची जागा कधी चुकत नसे, हे साऱ्या विभागाला माहीत होतं.  पण त्यांनी धाकटीला जरा विसावा दिला, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून घेतलं. या खेपेला थोरलीने कॉइल जिथे हवी तिथे धरली. टक्‌. अंगठा उडाला. ताकद कमी केली, तरी उडाला. आणखी कमी केली. धाकटी डोळे उघडून हसू लागली. तिचं भय अंगठ्यातून निघून गेल्यासारखं झालं.

"गंमत बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचा आणि हिचा आकडा जवळजवळ एकच आहे. सख्ख्या बहिणींचाही इतका जुळत नाही." मग सवयीने पुढे जोडलं, की दोन माणसांवरून काही ठरत नसतं, पुष्कळ जणांचं बघावं लागेल.

पुष्कळ जणांचं बघितलंही. धाकटीने बेकरीतली माणसं, तिचे मामा-मावश्या, कोणाकोणाला आणून खुर्चीत बसवलं. ताई कॉइल धरते, काही दुखत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. निदान त्यांच्या त्या लहानशा अभ्यासात, एका वंशाचा गट दुसऱ्यापासून वेगळा काढावा असं काही दिसलं नाही. एकाच घरातल्या दोघांत जेवढा फरक, तेवढाही दोन गटांत नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही न सापडणं हेही एक सापडणंच असतं. त्या समाधानी होत्या. साऱ्या विभागात हिरमुसली होती ती एकटी थोरली. हेव्याला लपायला जो एक आडोसा होता तोही गेला होता. हेवा तसाच उघड्यावर बसून होता.

एकदा सासूबाईंचे केस विंचरताना तिने सहज बोलल्यासारखं धाकटीच्या आईचं काढलं. सासूबाई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे गं. लग्न झालं त्याच वर्षी सांगितलं तिने." थोरलीचा कंगवा थांबला. म्हणजे त्या दोघींमध्ये हे इतकी वर्षं होतं, आणि भिंतीपलीकडे आपण भांडी आवरत होतो.

त्यानंतर काही दिवसांनी दीर जेवायला खाली आला आणि त्याने बातमी सांगितली. दुसऱ्या एका गावात धाकटीच्या मालकाचीच जुनी बेकरी होती. मालकाला आता झेपत नव्हतं, त्याने ती धाकटीला चालवायला देऊ केली होती. दोघं तिकडे जाणार होते. थोरलीने ताटावरून मान वर केली नाही, पण तिच्या मनात काहीतरी उजळलं. आता घर पुन्हा पहिल्यासारखं होईल. सकाळी कोमट पाणी, संध्याकाळी चेंडू. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी पण जाते यांच्याबरोबर."

थोरल्या मुलाने आईला समजावून पाहिलं. तिकडे जिना आहे, इस्पितळ लांब आहे, हवा दमट आहे. सासूबाई ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या की बेकरीत ऊब असते.  आपण तोंड उघडलं तर काय बोलू, याचं थोरलीला भय वाटलं.

सामान बांधायला घेतलं ते तिनेच. दुपारची वेळ होती, धाकटी बेकरीत शेवटचा निरोप घ्यायला गेली होती. थोरलीने गोळ्या सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या अशा वेगवेगळ्या डब्यांत भरल्या. लोकरीचे मोजे, रबरी चटई, पाठीची उशी. सासूबाई पलंगावर बसून बघत होत्या. मग थोरली त्यांच्यासमोर बसली आणि सवयीने त्यांचा उजवा हात हातात घेऊन बोटं सरळ करू लागली.

"माझं काय चुकलं, आई?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं.

सासूबाईंनी डाव्या हाताने पदर सारखा केला.  

"काहीच नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "तू होतीस म्हणून मी उठून बसले. मला कळत नाही का ते?"

"मग?"

"तू माझा हात धरतेस ना, तेव्हा तू हाताकडे बघतेस."

थोरलीने मान वर केली.

"आत्तासुद्धा बघत होतीस," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट बोलताना त्यांनाच अवघड होत होतं. "बोट किती उघडलं, कालच्यापेक्षा कमी की जास्त. तुझ्या तोंडाकडे बघून मला कळायचं, आज मी पास की नापास. तिच्यापाशी तसं नसतं. ती आपली गप्पा मारते. हात विसरून जाते. मग मलाही विसरायला होतं."

थोरलीला पुष्कळ काही म्हणायचं होतं. की विसरून कसं चालेल, कोणीतरी बघायला नको का. की अंथरूण ओलं झालं तेव्हा गप्पांनी ते सुकलं नसतं. की मायेने बघतो तेव्हाही डोळे हातावरच जातात, ती सवय आहे, दुसरं काही नाही.  त्याऐवजी तिने तो हात सासूबाईंच्या मांडीवर ठेवला आणि उशी बांधायला घेतली.

निघायच्या दिवशी गाडी दारात आली. धाकटीने थोरलीला मिठी मारली आणि रडली; थोरलीने तिच्या पाठीवर थोपटलं आणि गोळ्यांचे डबे कुठल्या पिशवीत आहेत ते पुन्हा सांगितलं. सासूबाईंनी थोरलीच्या गालावर हात ठेवला. उजवा हात. तो गालावर जेमतेम पोचला आणि करंगळी अजूनही आत वळलेली होती. थोरलीने महत्प्रयासाने आपली नजर त्यांच्या डोळ्यांवर ठेवली. सासूबाईंचे डोळे आधीच गाडीकडे गेले होते.

घरात परतल्यावर थोरल्याला काही सुचेना, तेव्हा त्याने हत्यारांची पेटी काढली. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळात भिंतीला त्याने आईसाठी एक लाकडी दांडा बसवला होता, धरून चालायला. तो काढावा म्हणाला, उगाच जाता-येता खांद्याला लागतो. स्क्रू सैल करायला त्याने सुरुवातही केली.

"राहू द्या," थोरली म्हणाली.

"कोणाला लागणार आहे आता?"

 इस्पितळात जायची वेळ झाली होती. रोज धाकटीचा पाव डब्यात असे; आज तिने भात भरला, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि दिवा मालवला. मग त्या अंधाऱ्या बोळातून, रोज भराभर चालत जाणारी ती, दांड्यावरून हात फिरवत सावकाश बाहेर आली. मधोमध एका ठिकाणी लाकूड घासून गुळगुळीत झालेलं होतं. तिथे तिची बोटं क्षणभर थांबली, आणि मग पुढे गेली.